बाद झालेल्यांचा डाव

पुष्कळांच्या घरांत एक तरी गृहस्थ असा असतो, कीं तरुणपणीं आपण काय होतों हें सांगितल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नाहीं. कोणी एके काळीं कॉलेजच्या संघांतून खेळलेला असतो, कोणी तालमींत घुमलेला असतो, तर कोणी गांवच्या नदीला पूर आला असतां ती पोहून पलीकडे गेलेला असतो. मुलें तें ऐकतात, एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावतात, आणि स्वयंपाकघरांतून हांक येते, "पुरे झालें आतां, पानें वाढलीं आहेत!" सगळीं हसतात, सांगणाराहि हसतो. परंतु हसणें ओसरल्यावर त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जी छाया उतरते, ती पाहणारे थोडे. आपला काळ गेला हें त्यालाहि कळत असतें. प्रश्न एवढाच उरतो, कीं काळ गेला म्हणजे माणूसहि गेला काय?

हा प्रश्न गंभीर मुद्रेनें विचारणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. तोच हसत हसत विचारणारा एक अमेरिकन बोलपट १९८९ च्या एप्रिल महिन्यांत निघाला. त्याचें नांव 'मेजर लीग'. बेसबॉलच्या खेळावरील या विनोदी चित्रपटानें एकट्या अमेरिकेंत सुमारें ५ कोटी डॉलर मिळविले, व त्याला पुढें १९९४ आणि १९९८ सालीं आणखी दोन भाग जोडले गेले. तो पाहून हसणें सोपें आहे. पण हसून झाल्यावर त्यांतील शेवटचा प्रसंग मनांत राहून जातो, आणि तोच वाचकांपुढें ठेवावा एवढ्यासाठीं हा लेखनप्रपंच.

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाहीं. तेव्हां त्याची थोडी ओळख करून दिली पाहिजे. क्रिकेट जाणणाऱ्यास तो समजण्यास वेळ लागत नाहीं. मैदानाच्या एका कोपऱ्यांत फलंदाज उभा राहतो. त्याच्यापासून साडेसाठ फुटांवरून पिचर टप्पा न पाडतां चेंडू फेकतो. मारण्याजोगे तीन चेंडू हुकले कीं फलंदाज बाद. चेंडू मारतां आला, तर एकमेकांपासून ९० फुटांवर असलेलीं तीन ठाणीं गांठून मूळ जागीं परत यावयाचें, म्हणजे एक धांव झाली. तीन गडी बाद झाले कीं डाव संपतो, आणि प्रत्येक संघाला असे नऊ डाव मिळतात. फलंदाजाच्या मागें, आपला यष्टिरक्षक असतो तेथें, कॅचर बसलेला असतो. त्याला सामनाभर उकिडवें बसून शेंकडों चेंडू झेलावे लागतात व पुन्हां पुन्हां उठबस करावी लागते. त्यामुळें या खेळांत गुडघे सर्वांत आधीं म्हातारे होतात ते कॅचरचे. आपल्या कथेचा नायक असाच एक कॅचर आहे.

क्लीव्हलँड हें अमेरिकेच्या उत्तर भागांत ईरी सरोवराच्या कांठीं वसलेलें औद्योगिक शहर. चित्रपटांत तेथील संघाची मालकी एका धनिकाच्या मृत्यूनंतर त्याच्या तरुण पत्नीकडे, रेचेल फेल्प्सकडे, येते. एके काळीं लास वेगास येथें रंगमंचावर नाचणाऱ्या या बाईला क्लीव्हलँडचा मनस्वी कंटाळा. संघ उचलून मायामीच्या उबदार किनाऱ्यावर न्यावा असें तिच्या मनानें घेतलें आहे. परंतु शहराशीं झालेल्या करारांत अट अशी, कीं हंगामभरांतील प्रेक्षकांची संख्या ८ लाखांच्या खालीं गेली तरच संघ हलवितां येईल. तेव्हां बाईसाहेब हिशेब करतात, कीं संघच इतका वाईट जमवावा, कीं कोणी पाहावयास येऊं नये. त्या खेळाडूंची यादी कारभाऱ्यांपुढें ठेवतात. यादींतील एक इसम मरण पावलेला आहे असें कोणी तरी लक्षांत आणून देतो, तेव्हां त्याचें नांव तेवढें निमूटपणें खोडलें जातें. सरणावर गेलेला सोडून बाकी कोणीहि चालेल, असें हें धोरण!

मग एकेक मूर्ति गोळा होऊं लागते. शिक्षक म्हणून लू ब्राउन याला बोलावणें जातें. टोलेडो येथील दुय्यम दर्जाच्या संघावर वर्षानुवर्षें घालविलेला हा गृहस्थ त्या वेळीं मोटारींच्या टायरच्या दुकानांत असतो. आयुष्यांतली सर्वांत मोठी संधि टेलिफोनवरून चालून येते, तेव्हां दुसरीकडे एक गिऱ्हाईक खोळंबलें आहे, विचार करून सांगतों, असें उत्तर तो देतो. जेक टेलर हा आपला कॅचर. एके काळीं त्याचें नांव होतें. आतां गुडघे गेलेले, आणि स्वदेशांत कोणी विचारीत नाहीं म्हणून तो मेक्सिकोंत खेळून दिवस काढीत आहे. बोलावणें आलें तेव्हां कोणी तरी थट्टा करीत आहे असेंच त्यास वाटतें. एडी हॅरिस हा पिचर त्याहूनहि वडील. हातांतला जोर ओसरल्यामुळें तो चेंडूला गुपचूप ओशट पदार्थ फासून वेळ मारून नेतो. रॉजर डॉर्न याला खेळ येतो. पण पैसा आल्यापासून चेंडू अडविण्यापेक्षां अंग वांचविण्याकडे त्याचें लक्ष अधिक. पेड्रो सेरानो हा क्यूबाचा आडदांड गडी सरळ चेंडू दिसला कीं मैदानाबाहेर भिरकावतो, परंतु वळणारा चेंडू त्याला सांपडत नाहीं. म्हणून तो आपल्या लहानशा देवतेपुढें नैवेद्य मांडून बसतो. विली हेज हरणासारखा धांवतो, पण त्याला फलंदाजी येत नाहीं. आणि रिकी व्हॉन हा तरुण पिचर तर तुरुंगांतून आणलेला. त्याच्या चेंडूचा वेग भयंकर, पण तो कोठें जाईल हें फेकणाऱ्यासहि ठाऊक नसतें.

या व्हॉनची गोष्ट मोठी मजेची आहे. त्याचा चेंडू भलतीकडे जातो, याचें कारण तो बेशिस्त आहे, उनाड आहे, तुरुंगांत राहिलेला आहे, असेंच सर्वांस वाटतें. अखेर शिक्षकाच्या लक्षांत येतें, कीं पोराला नीट दिसतच नाहीं! त्याला जाड चौकटीचा चष्मा दिला जातो आणि चेंडू जाग्यावर पडूं लागतो. जो दोष इतके दिवस सर्वजण त्याच्या स्वभावांत शोधीत होते, तो डोळ्यांत निघाला. आपल्या घरांतील एखाद्या 'ढ' ठरलेल्या मुलाच्या बाबतींत असें कधीं झालें आहे काय, हें ज्याचें त्यानें आठवून पाहावें.

सुरुवातीस हा संघ हरतो, आणि ओस पडलेल्या मैदानांत मूठभर प्रेक्षक बसलेले दिसतात. हा सर्व प्रकार आकाशवाणीवरून वर्णन करून सांगण्याचें काम हॅरी डॉइल नांवाच्या निवेदकाकडे आहे. चेंडू कितीहि लांब गेला तरी थोडक्यांत चुकला असें सांगण्याची त्याची हातोटी पाहून हसूं आवरत नाहीं. ही भूमिका करणारा बॉब युकर हा मूळचा नट नव्हे. तो स्वतः १९६२ पासून १९६७ पर्यंत वरिष्ठ संघांतून खेळलेला कॅचर होता, आणि कसा, तर आंकड्यांत सांगण्यासारखा! बेसबॉलमध्यें दहा संधींत तीन वेळां चेंडू यशस्वीपणें मारणारा फलंदाज चांगला समजतात. युकरची सरासरी पांचांत एकदां अशी पडली. सहा हंगामांत मिळून मैदानाबाहेर मारलेले फटके अवघे १४. दुसरा एखादा हें अपयश लपवीत बसला असता. युकरनें तें स्वतःच्या तोंडानें, चढवून-रंगवून, लोकांना सांगावयास सुरुवात केली, आणि सारा देश त्याच्याबरोबर हसूं लागला. १९७१ सालीं तो मिलवॉकीच्या संघाचा निवेदक झाला व २०२४ च्या हंगामापर्यंत, म्हणजे ५० हून अधिक वर्षें, त्या खुर्चीवर राहिला. २००३ सालीं निवेदनकलेबद्दल कूपर्सटाउनच्या बेसबॉल-मंदिरानें त्याचा गौरव केला. १६ जानेवारी २०२५ रोजीं, वयाच्या ९० व्या वर्षीं, तो निवर्तला. खेळाडू म्हणून जो सहा वर्षांत संपला, तो त्या खेळाचा आवाज म्हणून अर्धशतक टिकला.

पडद्यावर दिसणाऱ्या पुष्कळांना आपल्या भूमिकेचें मर्म अनुभवानें ठाऊक होतें. न्यूयॉर्क यँकीज या प्रतिस्पर्धी संघाचा दांडगा फलंदाज झालेला पीट व्हुकोविच हा खराखुरा पिचर. १९८२ सालीं आपल्या विभागांतील सर्वोत्कृष्ट पिचरचा मान त्याला मिळाला. पुढच्याच वर्षीं खांद्याची दुखापत उघडकीस आली, आणि १९८६ सालीं त्याचा खेळ संपला. स्टीव्ह यीगर हा लॉस अँजेलिसच्या संघाचा नांवाजलेला कॅचर. त्यानें नटांना खेळ शिकविला व एका शिक्षकाची भूमिकाहि केली. खुद्द लेखक-दिग्दर्शक डेव्हिड वॉर्ड याची कथा अशीच. 'द स्टिंग' या १९७३ च्या चित्रपटाच्या पटकथेबद्दल त्याला ऑस्कर पारितोषिक मिळालें होतें. पण १९८२ सालीं स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट आपटला, आणि दुसरा, म्हणजे हाच, निघण्यास सात वर्षें जावीं लागलीं. तो क्लीव्हलँडच्या परिसरांत वाढला. त्या गांवचा खरा संघ १९४८ सालीं जगज्जेता झाला होता. १९५४ सालीं त्यानें १११ सामने जिंकले, पण अंतिम मालिकेंत न्यूयॉर्क जायंट्सकडून ४ विरुद्ध ० असा पराभव पत्करला. त्यानंतर जी पडती कळा लागली, ती इतकी, कीं आपला संघ जिंकलेला पाहावयाचा तर तो चित्रपटांतच जिंकवावा लागेल असें वॉर्डला वाटूं लागलें. हा चित्रपट त्या निराशेचें अपत्य होय.

कथेकडे परत वळूं. संघ थोडा बरा खेळूं लागतो, तसतशी मालकीणबाई त्याच्या सोयी काढून घेते. विमान जाऊन मोडकी मोटार येते.  शेवटीं हंगाम संपल्यावर सर्वांनाच हांकलून देण्याचा बेत आहे ही बातमी शिक्षकाच्या कानीं पडते, आणि तो ती न लपवितां खेळाडूंस सांगतो. जेथें कांहींहि केलें तरी कपाळीं बडतर्फीच आहे, तेथें हातपाय गाळून बसावें हें स्वाभाविक. पण येथें उलटें होतें. गमावण्यासारखें कांहीं उरलें नाहीं हें कळतांच हीं माणसें प्रथमच मोकळेपणानें खेळूं लागतात, आणि यँकीजच्या बरोबरीस येऊन ठेपतात. निकाल लावण्यासाठीं एक जादा सामना ठरतो.

मध्यंतरीं जेकची आणखी एक धडपड चाललेली असते. लिन नांवाची त्याची पूर्वीची प्रेयसी एका ग्रंथालयांत काम करते. याच्या बेजबाबदारपणाला कंटाळून तिनें दुसऱ्याशीं लग्न ठरविलें आहे. आपण सुधारलों आहों हें तिला पटविण्यासाठीं हा गडी 'मोबी डिक' ही प्रचंड कादंबरी वाचावयास घेतो. पण कशी, तर चित्रमय पुस्तिकेच्या रूपानें! माणूस हास्यास्पद दिसतो खरा. परंतु ज्यानें उभ्या आयुष्यांत पुस्तक उघडलें नाहीं, त्यानें कोणासाठीं तरी तें उघडलें, यांतील आर्जव प्रेक्षकाला जाणवल्याशिवाय राहत नाहीं.

आतां तो शेवटचा प्रसंग. म्हाताऱ्या हॅरिसनें बराच वेळ यँकीजना रोखून धरलेलें. सेरानोच्या एका फटक्यानें बरोबरी झालेली. नवव्या डावांत व्हॉन येऊन व्हुकोविचच्या त्या दांडग्या फलंदाजाला तीन चेंडूंत परत पाठवितो. धांवा २ विरुद्ध २. क्लीव्हलँडचे दोन गडी बाद, हेज दुसऱ्या ठाण्यावर, आणि फलंदाजीस जेक टेलर.

जेक हात उंचावून दूरच्या प्रेक्षकांकडे बोट दाखवितो. म्हणजे, चेंडू तेथें भिरकावणार! बेसबॉलमध्यें या खुणेला इतिहास आहे. १९३२ सालीं शिकागोच्या मैदानावर बेब रूथ यानें अशी खूण करून खरोखरच तेथें चेंडू मारला, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. पिचर चिडतो आणि चेंडू जेकच्या अंगावर फेकतो. जेक मातींत पडतो, उठतो, पुन्हां तिकडेच बोट दाखवितो. क्षेत्ररक्षक मागें सरकून उभे. चेंडू येतो, आणि जेक तो मारीतच नाहीं! बॅट आडवी धरून त्याला नुसती टेकवितो. चेंडू थोडासा घरंगळत जातो. क्रिकेटमध्यें चेंडू पायाशीं थोपवून चोरटी धांव काढतात, तसाच हा प्रकार. याला तिकडे 'बंट' म्हणतात. दोन गडी बाद असतां बंट सहसा कोणी करीत नाहीं, कारण फलंदाज पहिल्या ठाण्यावर पोंचण्याआधीं चेंडू पोंचला कीं डाव आटोपला. आणि येथें धांवणारा तर गुडघे गेलेला! पण त्याला वांकडातिकडा धांवतांना आपण पाहतों, चेंडू क्षणभर उशिरा येतो, आणि तेवढ्यांत वाऱ्यासारखा धांवणारा हेज तिसरें ठाणें ओलांडून मूळ जागीं घसरत येऊन पोंचतो. सामना संपतो. लिन गर्दींतून आपला डावा हात उंच करून दाखविते. त्यांत वाङ्निश्चयाची अंगठी नसते.

या प्रसंगाचें मर्म कोठें आहे? चित्रपट स्वस्त असता, तर जेकनें चेंडू दाखविलेल्या जागीं मारला असता, आणि आपणहि टाळ्या पिटून विसरून गेलों असतों. तसें झालें असतें तर त्याचा अर्थ असा झाला असता, कीं गेलेली शक्ति निर्धारानें परत येते. ती येत नाहीं. हें तीस वर्षांवरील प्रत्येकाला ठाऊक आहे. जेकचें शहाणपण असें, कीं आपल्यांत काय उरलें नाहीं हें तो जाणतो, आणि काय उरलें आहे हेंहि जाणतो. जोर उरलेला नाहीं, पण जोराची कीर्ति अजून शिल्लक आहे. त्या कीर्तीला भिऊन शत्रु मागें सरकेल, आणि पुढें मोकळी जागा सांपडेल. आपली जुनी प्रौढी त्यानें मिरविली नाहीं, ती त्यानें खर्च केली. आणि नुसत्या युक्तीवर काम भागलें नाहीं. पुढचे ९० फूट त्याला त्याच दुखऱ्या गुडघ्यांनीं धांवावे लागले.

हें सारें चित्रपटांतच घडतें असें कोणी म्हणेल. त्याच क्लीव्हलँडनें चित्रपटाच्या ४१ वर्षें आधीं एक खरें उदाहरण पाहिलें आहे. सॅचेल पेज हा कृष्णवर्णीय पिचर आपल्या ऐन उमेदींत देशांतील अत्यंत नामांकित पिचरांपैकीं एक होता. परंतु वर्णभेदामुळें वरिष्ठ संघांचीं दारें त्याला बंद होतीं. १९४७ सालीं जॅकी रॉबिन्सननें ती कोंडी फोडली, आणि ७ जुलै १९४८ रोजीं, वयाचीं ४२ वर्षें पुरीं होण्याच्या दिवशीं, क्लीव्हलँडनें पेजला घेतलें. हा प्रेक्षक जमविण्याचा तमाशा आहे अशी टीका झाली. पेजनें त्या अर्ध्या हंगामांत ६ सामने जिंकले, १ गमावला. त्याचा चेंडू पाहण्यासाठीं २० ऑगस्ट रोजीं ७८,००० हून अधिक लोक लोटले. आणि त्याच वर्षीं संघ जगज्जेता झाला. पेज बाद झालेला नव्हता. त्याला खेळूंच दिलेलें नव्हतें, आणि हा भेद विसरतां कामा नये. तरीहि वय पाहून हसणाऱ्यांस त्यानें दिलेलें उत्तर जेकच्याच जातीचें होतें: वेग ओसरला तेथें वेगवेगळ्या लयींचे चेंडू, थांबून-चकवून टाकण्याची कला, आणि धीर.

चित्रपटाचे दोषहि सांगितले पाहिजेत. भाषा शिवराळ आहे, मालकीणबाईच्या संबंधांतील कांहीं थट्टा मुलांबाळांसमवेत पाहण्याजोगी नाहीं, आणि सेरानोच्या उपासनेचें चित्रण उथळ आहे. संघाचें 'इंडियन्स' हें जुनें नांव व त्यावरील विदूषकी मुखवटा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना अपमानकारक वाटे. खऱ्या संघानें २०२२ च्या हंगामापासून 'गार्डियन्स' हें नांव घेतलें, तें योग्यच झालें. परंतु एका बाबतींत कथाकारांनीं प्रामाणिकपणा राखला आहे. दुसऱ्या भागांत कळतें, कीं त्या विजयानंतरच्या फेरींत संघ हरला. आणि जेकला पुढच्या हंगामांत खेळाडू म्हणून जागा उरली नाहीं, तो शिक्षक झाला. म्हणजे त्याचें पुनरागमन हें एका हंगामापुरतेंच होतें. पण त्या हंगामानें त्याला पुढचें काम दिलें. युकरचें तेंच, लू ब्राउनचें तेंच.

आपल्या घरांतील त्या गृहस्थांकडे पुन्हां वळूं. त्यांनीं पुराची गोष्ट शंभराव्यांदा सांगावयास घेतली, तर मुलांनीं हसूं नये असें मी म्हणत नाहीं. हसावें, आणि त्यांनींहि हसावें, कारण स्वतःवर हसतां येणें ही पुढच्या डावाची पहिली तयारी आहे. फक्त हसून झाल्यावर एक प्रश्न विचारून पाहावा: नदींत भोंवरा कोठें आहे, आणि त्यांतून सुटावें कसें? पूर पोहून जाण्याची ताकद आतां त्यांच्या दंडांत नाहीं. पण भोंवऱ्याची जागा त्यांना अजून माहीत आहे, आणि उद्यां पोहावयास जाणाऱ्या मुलाला तीच ठाऊक असावयास हवी. तेवढें सांगून होईपर्यंत पानें थोडीं थांबलीं, तरी चालतील.